शीलवंतचं पांढरं कार्ड

"ताई, टोचा," म्हणून शीलवंतने बाही वर केली आणि हात माझ्या टेबलावर ठेवला.

तो हात मी तेवीस वर्षं ओळखत होते. पहिल्यांदा टोचला तेव्हा पोरगं दोन वर्षांचं होतं, बापाच्या खांद्यावर रडून रडून थकलेलं. मग दर हिवाळ्यात ते आमच्या ग्रामीण रुग्णालयात भरती व्हायचं. हाडं आतून कोणी पिळतंय असं दुखायचं त्याला. शीर सापडायची नाही. मी चार-चार वेळा सुई घालायची, आणि तो दात आवळून मलाच धीर द्यायचा, "होऊ द्या ताई, घाई नाही." त्या काडीसारख्या हाताला आता चांगला दंड आला होता. शीर अशी टपोरी, की डोळे मिटून टोचलं असतं तरी लागली असती.

मी तिथली लॅब टेक्निशियन, माया उंदिरवाडे. रिटायर होऊन आता अकरा वर्षं झाली, तरी लोक रस्त्यात थांबवून कार्डाचं विचारतातच. वैनगंगेच्या काठच्या आमच्या पट्ट्यात सिकलसेल घरोघर. आई आणि बाप, दोघांकडून दोष आला की लेकरू रुग्ण होतं. त्याला लाल कार्ड. एकाकडूनच आला तर माणूस वाहक. त्याला स्वतःला काही होत नाही, पण पुढच्याला तो देऊ शकतो. त्याचं कार्ड पिवळं. काहीच नसेल तर पांढरं. तपासायचं मी, कार्ड द्यायचं मी, समजावून सांगायचंही मीच.

आणि पाच गावांत एक रीत मी पाडली होती. मुलगी पाहायला गेलं की पानसुपारीच्या ताटात दोघांची कार्डं ठेवायची. पिवळं-पांढरं जुळतं. पिवळं-पिवळं नाही. लाल-पिवळं तर नाहीच नाही. जिल्ह्याच्या मीटिंगमध्ये मी हे छाती फुगवून सांगायची, आणि साहेब लोक माना डोलवायचे.

तर शीलवंत. मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात नव्या उपचाराचा प्रयोग चालू होता, त्यात त्याची निवड झाली. आठ महिने तिथे राहिला. हाडांच्या मगजात रक्त तयार करणाऱ्या ज्या पेशी असतात, त्या बाहेर काढल्या, त्यांच्यातला बिघाड दुरुस्त केला आणि परत त्याच्या अंगात सोडल्या. घरी येऊन दीड वर्ष झालं, एकदाही दुखलं नाही. पोरगा पोलीस भरतीसाठी पळायला लागला होता. ज्याला आम्ही स्ट्रेचरवरून उतरवायचो तो सोळाशे मीटर पळतो म्हटल्यावर, बाप्पा, माझा विश्वासच बसेना.

आमची तपासणी साधी. नळीत औषधाचं पाणी घ्यायचं, त्यात रक्ताचा थेंब सोडायचा, पाच मिनिटं थांबायचं आणि मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रक्त चांगलं असेल तर रेघा दिसतात. सिकलसेल असेल तर पाणी गढूळ होतं, रेघा दिसत नाहीत. शीलवंतच्या रक्तामागच्या रेघा मी कधी पाहिल्याच नव्हत्या. त्या दिवशी एकूण एक दिसल्या. मी नवी बाटली फोडून पुन्हा केलं. पुन्हा दिसल्या. मला रडू आलं, आणि त्याची आई लीलाबाई दारात पेढ्यांचा पुडा घेऊन उभी होती, तीही रडायला लागली.

"ताई, आता पांढरं कार्ड द्या याले," लीलाबाई म्हणाली. "आयतवारी चेतनाले पाहाले जाऊन राह्यलो आम्ही. ताटात लाल कार्ड ठेवायचं नाही आता मले."

नियम सरळ होता: जसा रिपोर्ट तसं कार्ड. मी कपाटातून पांढरं काढलं, नाव लिहिलं, शिक्का मारला. लाल कार्ड लीलाबाईने माझ्यासमोर फाडलं. शीलवंत मात्र खाली वाकून त्याचे तुकडे वेचत राहिला. मला वाटलं, आठवण म्हणून ठेवत असेल. जाताना लीलाबाई मुंबईची फाईल माझ्याकडे ठेवून गेली, मला रजिस्टरला नोंदी करायच्या होत्या म्हणून.

दुपारी चेतनाच आली. रुग्णालयासमोरच्या औषधाच्या दुकानात ती काउंटरवर असायची. शीलवंत लाल कार्ड दाखवून तिच्याकडून गोळ्या न्यायचा, तिथेच दोघांचं जमलं. मोजकं बोलणारी, नजर न चुकवणारी पोरगी.

"ताई, माझं पिवळं, त्याचं आता पांढरं. जुळते ना?"

"जुळते," मी म्हटलं. इतक्या सहज म्हटलं, जसं कोणाला बसची वेळ सांगावी.

शुक्रवारी फाईल उघडली. नोंदी उतरवत उतरवत मी संमतीपत्रावर आले. मराठीतच होतं, एकेका ओळीपुढे शीलवंतची सही. नवव्या ओळीत लिहिलं होतं: या उपचाराने माझे रक्त दुरुस्त होईल, परंतु माझ्या बीजात बदल होणार नाही, माझ्या प्रत्येक अपत्याकडे सिकलसेलचा दोष जाईल, हे मला समजावून सांगण्यात आले आहे. पुढे त्याची वळणदार सही आणि तारीख.

मी खुर्चीत बसूनच राहिले. आता अशा बरे झालेल्यांसाठी वेगळं निळं कार्ड निघालंय, तेव्हा नव्हतं. तेव्हा तीनच रंग होते, आणि मी त्याला पांढरा दिला होता. रिपोर्ट खरा, शिक्का खरा आणि कार्ड खोटं. शीलवंतचं प्रत्येक मूल निदान पिवळं होणारच होतं. चेतनाही पिवळी, म्हणजे प्रत्येक बाळंतपणाला निम्मा धोका लाल कार्डाचा. चोवीस वर्षं मी हेच लोकांना शिकवत आले, आणि माझ्या डोक्यात हे आलं नाही. आनंदाने आंधळी झाले होते मी, दुसरं काय म्हणू? स्वतःची मला भयंकर लाज वाटली.

शनिवारी सकाळी नदीकडच्या मैदानावर गेले. शीलवंत चार पोरांबरोबर पळत होता. मला पाहून थांबला, आणि माझ्या हातातली फाईल पाहून त्याचा चेहराच पडला. पोरांना पुढे जायला सांगून तो माझ्याजवळ आला.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"होतं."

"आईला?"

"तिले नाही समजत हे. ती खुश हाय, राहू द्या ना."

"अन् चेतनाला?"

तो खाली बसला, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागला. मग म्हणाला, "ताई, मी इचारलं होतं डॉक्टरले. म्हटलं, रक्त दुरुस्त करता तं बीजबी करून टाका, एकाच खेपेत. ते म्हणाले, तसं आम्ही करत नाही. रक्त बदललं ते तुझ्यापुरतं. बीज बदललं का तुझं लेकरू, त्याचं लेकरू, पुढचे सगळे बदलतात. काही चुकलं तं भोगायचं त्याईनं, अन् सही तुझी. त्यांची सही कोण देणार?"

"बरोबरच आहे."

"मी म्हटलं, साहेब, आजार देताना तरी कोण सही घेते? तोबी तं इचारल्याशिवायच देऊन राह्यलो आपण. मंग बरं करायलेच सही काहून पायजे?"

खरं सांगते, तो प्रश्न आजही माझी पाठ सोडत नाही.

"काय म्हणाले मग डॉक्टर?"

"म्हणाले, तुझ्या बोलण्यात दम हाय, पण अजून नाही. कवा तरी होईन. ताई, दहा वर्षांत पोटातल्या पोटात दुरुस्त करतीन पाहा. माझं लेकरू आजारी राहणारच नाही."

"अन् तोवर ते काय पोटात बसून राहते? लग्न या उन्हाळ्यात करणार तू."

"माझं झालं ना बरं? कोणी सांगितलं असतं पाच वर्षांआधी, तं हसले असते लोक."

"होईल दहा वर्षांत, नाही कोण म्हणते? पण नाही झालं तर? जे अजून निघालंच नाही, त्याच्या भरवशावर लेकराला पाठवतो तू? अन् भरवसा ठेवायचा तर तो चेतनाने ठेवायचा की नाही ते तिला ठरवू दे. बाळंतपण तिचं आहे."

त्याने मान वर केली. डोळे लाल झाले होते. "तुमी तुमचं मोडलं, आता माझंबी मोडता?"

हे त्याने बोलायला नको होतं. पण खोटं नव्हतं. माझं कार्ड पिवळं. ज्याच्याशी लग्न ठरलं होतं, त्याचंही पिवळं निघालं. मी नवीनच नोकरीला लागलेली, डोक्यात ट्रेनिंग ताजं. दोन्ही कार्डं त्याच्यापुढे ठेवली आणि उठून आले. पुन्हा लग्नाचा विचार केला नाही. गावाने मला मोठी शहाणी ठरवलं, आणि मीही स्वतःला तसंच ठरवलं.

"उद्या ताट समोर येण्याआधी तू सांग," मी म्हटलं. "नाही सांगितलं तर मी सांगीन. कार्डावर सही माझी आहे."

तो पळायला निघून गेला. मी घरी आले, पण दिवसभर अन्न गोड लागलं नाही. पोराचं चांगलं होऊ घातलेलं मोडायला निघालेय की वाचवायला, तेच कळेना.

रविवारी लीलाबाई, शीलवंत आणि मी चेतनाच्या घरी गेलो. जयभीम झाला, पाणी झालं, पोहे आले. लीलाबाई नव्या लुगड्यात नुसती फुलली होती. शीलवंत माझ्याकडे पाहत नव्हता. मी पोह्यांची बशी हातात धरून वाट पाहत राहिले, की आता बोलेल, मग बोलेल. तो भरतीचं बोलला, पावसाचं बोलला, मुंबईच्या जेवणाचंही बोलला.

चेतनाने ताट आणून मधोमध ठेवलं. पान, सुपारी, तिचं पिवळं कार्ड. लीलाबाईने पदराच्या गाठीतून पांढरं काढलं आणि त्याच्याशेजारी ठेवलं. चेतनाचे वडील माझ्याकडे वळून म्हणाले, "मायाबाई, तुमी एकदा म्हणा, जुळलं."

मी शीलवंतकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता.

"ते पांढरं कार्ड बरोबर नाही," मी म्हटलं. "चूक माझी आहे."

मी समजावून सांगायला लागले. आजवर शंभरदा समजावलं असेल, पण त्या दिवशी जीभ जड झाली होती. म्हटलं, आपण धानाचं उभं पीक औषध मारून वाचवतो, पण रोग बियाण्यात असेल तर पुढच्या साली तो पुन्हा उगवतोच. शीलवंतचं पीक वाचलं आहे, तो ठणठणीत आहे, त्याला आता काही होणार नाही. पण बियाणं जुनंच आहे. चेतनाशी लग्न झालं तर लेकरू एक तर पिवळं होईल, नाही तर लाल. पांढरं एकही नाही.

लीलाबाईला सगळ्यात उशिरा समजलं. समजलं तेव्हा तिने हळूच विचारलं, "म्हणजे तसंच दुखन त्याले? याले दुखत होतं तसंच?"

"लाल झालं तर तसंच."

"बाबू, तुले मालूम होतं?"

शीलवंत उठून उभा राहिला. "होतं मालूम. अन् आता ताईंनं एक सांगावं मले. माझ्या आईबापाचं लग्न झालं, तवा तुमचे कार्डं नव्हते. दोघं पिवळे होते. तुमी तवा असत्या, तं त्यांचं लग्न होऊच दिलं नसतं. बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं.

"म्हणजे मी जन्मलोच नसतो."

"नसता."

"अन् ते चांगलं झालं असतं?"

तेवीस वर्षं ज्याचा हात धरून मी सुई घातली, त्याने मला हे विचारलं. माझ्या सगळ्या कार्डांचा अर्थ शेवटी हाच निघत होता, आणि तो मला त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकू आला.

"मले इचार," लीलाबाई म्हणाली. "ताईले काय इचारतं? पोटात मी ठेवलं तुले."

तिने पदराने तोंड पुसलं. "लग्नाआधी मले कोणी सांगितलं असतं, का तुमच्या रक्तात असं हाय अन् लेकरू तुमच्या डोळ्यासमोर असं तडफडन, तं मी तुह्या बापाले नाही म्हटलं असतं. खरंच म्हटलं असतं, बाबू. तुह्यासमोर खोटं नाही बोलत. अन् आज कोणी आलं, म्हणालं, लीलाबाई, हा द्या अन् बिनआजाराचा दुसरा घ्या, तं मी त्याले अंगणातबी पाय ठेवू देणार नाही. दोन्ही खरं हाय. मी दोन्ही घेऊन राह्यते, तुलेबी राहा लागन."

मग तिने हात पुढे केला, ताटातलं पांढरं कार्ड उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. ज्या बाईने ते माझ्याकडून हट्टाने मागून नेलं होतं, तिनेच परत केलं. मला तिच्याकडे बघवेना.

चेतनाचे वडील खाकरले. भला माणूस, शब्द शोधत होता. "लीलाबाई, राग नका धरू. पोरीच्या जन्माचा प्रश्न हाय. आपण इथंच थांबू."

"बाबा, मी बोलू?" चेतना म्हणाली.

ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिथून ती शीलवंतशीच बोलली, बाकी आम्ही जसे तिथे नव्हतोच.

"तुझं लाल कार्ड होतं, तवाच मी घरी सांगून ठेवलं होतं, का करीन तं याच्याशीच. बाबा, सांगितलं होतं ना? लेकरू नसतं होऊ दिलं. नाही तं दत्तक घेतलं असतं कोणाचं. तो इचार माझा केव्हाचा करून झाला होता. तू बरा होऊन आला, तं मी दुकानात सगळ्यायले चहा पाजला."

"चेतना..."

"थांब. इतके वर्षं आजारी होता, तवा तू माझ्याशी एकबी खोटं नाही बोलला. उलटी झाली तरी सांगायचा. बरा झाला अन् खोटं बोलायले शिकला."

शीलवंतने भिंतीला हात टेकला. इतकी वर्षं त्याला दुखताना मी पाहिलं होतं, पण असा चेहरा पाहिला नव्हता. लीलाबाई उठली, चप्पल शोधायला लागली. "चाल, बाबू," म्हणाली.

"एक सांगून जा," चेतना त्याला म्हणाली. "आपल्याले लाल कार्डाचं लेकरू झालं, अन् औषध नाहीच निघालं, तं त्याले तू काय सांगशीन? डॉक्टरचं नको सांगू. तुझं सांग."

त्याने भिंतीवरचा हात काढला. मग सांगायला लागला, सावकाश, समोर खरंच कोणी लहानसं बसलं असल्यासारखा. "पाणी पीत राह्य म्हणीन. तहान लागेपर्यंत थांबू नको. थंडीत मोजे घाल, पोट्टे हसले तरी घाल. पोरं नदीत उतरतीन, तू काठावर बस, वाईट वाटलं तरी बस. गोळी चुकवू नको. सुई टोचतानी हात कडक करू नको, जास्त दुखते. अन् दुखाले लागलं का लगेच सांग. आई रडन म्हणून लपवू नको. कोणी सोडून जाईन म्हणून..."

पुढे त्याला बोलवेना. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तिथेच खाली बसला.

चेतना चौकटीपासून निघाली. ताट उचलून तिने एका बाजूला केलं आणि त्याच्यासमोर, जिथे ताट होतं तिथे, येऊन बसली.

"मावशी, तुमी घराकडे व्हा समोर," ती लीलाबाईला म्हणाली. "याले वेळ लागन. आज मले पहिल्यापासून सगळं ऐकाचं हाय."